काचेची जमीन कुठली? एक खुलासा

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'महाराजांनी युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी काचेच्या जमिनीची लायब्ररी बांधली.' अभिमान ठीक, पण इथे दोन इमारतींची खिचडी झाली आहे.

काचेची जमीन (म्हणजे पायाखालची फरशी) आहे ती जुन्या शहरातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि सर्वसामान्यांसाठी सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं केलं. ही लायब्ररी त्याचं केंद्र. तिथले पुस्तकांचे मजले पोलादी मांडण्यांवर उभे आहेत आणि मधली जमीन जाड काचेची. ती मिरवायला नव्हे. वरचा उजेड झिरपत खालच्या कपाटांपर्यंत पोचावा, म्हणून. (पुस्तकाच्या पाठीवरचं नाव दिसलं नाही तर लायब्ररी कसली?)

विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. महाराज १९३९ मध्येच गेले होते. विद्यापीठाचं ग्रंथालय वेगळं. त्याला पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांचं नाव आहे, आणि ते मुख्यतः विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी.

तेव्हा पाहुण्यांना काच दाखवायची असेल तर रिक्षावाल्याला मांडवी सांगा, युनिव्हर्सिटी नको.