ईसीजीच्या कागदाचा रोल

आप्पांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते, हे आधीच सांगतो, कारण ‘खेड्यात डॉक्टर टिकत नाहीत’ हे ऐकून आता वीट आलाय. डॉक्टर होते, सिस्टर होत्या, ईसीजीचं मशीनही होतं. मशीनमधला कागदाचा रोल तेवढा संपलेला. डॉक्टर बिचारे ओशाळले. म्हणाले, “वेळ घालवू नका, थेट बांबोळेक व्हरा.” बांबोळीला न्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, जीएमसीत.

बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी. सिंधुदुर्गातल्या माणसाला हा रस्ता पाठ असतो.

2018 साली गोव्याने बांबोळीच्या जीएमसीत बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा आम्ही सगळे गोव्यावर भडकलो होतो. मीसुद्धा. आता वाटतं, चुकीच्या दारात ओरडत होतो. गोवेकराने आमच्या आजारपणाचा खर्च का उचलावा?

महाराष्ट्रात पैसे नाहीत म्हणावं, तर मुंबई महापालिका आरोग्यावर वर्षाला सात हजार कोटींच्या वर तरतूद करते. करू दे, केईएम आणि सायनला आमचीही माणसं जातातच. पण महापालिकेला मालमत्ता कर आहे, जकात गेल्यावर तिची भरपाई आहे. आमचं केंद्र चालवणाऱ्या जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न ते किती? ती शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणार. ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली आलं, तेव्हा आरोग्य केंद्राच्या हाती वर्षाला पावणेदोन लाख ठेवले: रुग्ण कल्याण समितीचे एक लाख, देखभालीचे पन्नास हजार, मुक्त निधीचे पंचवीस हजार. डोंगराळ भागात एका केंद्रामागे वीस हजार माणसं धरतात. म्हणजे माणशी नऊ रुपयेही नाहीत. कौलं शाकारायची, पाण्याचा पंप दुरुस्त करायचा की रोल आणायचा?

त्यावर उत्तर म्हणून सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड दाखवतात. ते कार्ड चालतं योजनेतल्या रुग्णालयात, आणि अँजिओप्लास्टी करणारी रुग्णालयं बहुतेक शहरात. म्हणजे आजारी माणूस आमचा, आणि त्याच्या नावावरचा सरकारी पैसाही अखेर बहुतेक शहरातच जिरतो. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, चांगलंच झालं. फीत कापायला पैसा मिळतो हो. रोलची फीत कोण कापणार?

आप्पा बरे आहेत. परवा त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायला केंद्रात गेलो, तेव्हा मशीन कुठल्या कंपनीचं ते बघून आलो आणि दोन रोल मागवले. नेऊन दिले तर सिस्टर हळूच म्हणाल्या, “भाऊ, शुगर तपासूच्यो पट्ट्यो पण गावतीत काय?”