पोलिस प्रशिक्षणाचं कंत्राट: कमीत कमी दराचा आग्रह कुठे चुकतो

पोलिस प्रशिक्षणासाठी बाहेरची संस्था नेमताना सर्वांत कमी दराची निविदाच घ्यावी लागते, नियमच तसा आहे, आणि एल-वन (सर्वांत कमी दराचा बोलीदार) सोडून दुसऱ्याला काम दिलं की समजावं पाणी मुरतंय, असा दावा बराच फिरतो. जोडीला प्रश्न असतो, नाशिकला अकादमी असताना बाहेरचे हवेत कशाला?

आधी नियमाचं. केंद्राच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 192 सल्लासेवांसाठी गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देऊ देतो. गुणवत्तेचा वाटा 80 टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. सल्लासेवा नसलेल्या सेवांसाठीही ऑक्टोबर 2021पासून अटींसह ही वाट खुली झाली, पण तिथे मर्यादा 30 टक्क्यांची. म्हणजे प्रशिक्षण कोणत्या सदरात बसवलं यावरच निम्मा निकाल लागतो.

आता ‘स्वस्त म्हणजे बचत’. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. 1 जुलै 2024पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 105). इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा) नोंदवायची असते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. दोनशे जणांना सभागृहात बसवून स्लाइड दाखवल्या तर यातलं काय हाताला लागणार? तरी माणशी दर ठरवला आणि हजेरीपटावर बिल निघालं की ठेकेदाराला तेच परवडतं. त्यापेक्षा करारातच लिहा: प्रत्येक अंमलदार प्रत्यक्ष एक मोबाइल जप्त करील, चित्रीकरणासह पंचनामा करील, हॅश नोंदवील, आणि त्याची तपासणी ठेकेदार सोडून दुसरं कोणीतरी करील. शेवटचा हप्ता त्या निकालावर. सहा महिन्यांनी त्याच ठाण्यातले खरे पंचनामे काढून बघण्याची तरतूदही हवी.

अकादमीबद्दलचा प्रश्न मात्र रास्त आहे. कवायत, शस्त्र, कायद्याचा पाया हे घरचंच काम, ते बाहेर देऊच नये. सायबर तपास किंवा आर्थिक गुन्ह्यांतले हिशेब यांसाठी बाहेरचे तज्ज्ञ लागतात, पण तेही कायमचे नकोत. आपल्याच प्रशिक्षकांना तयार करून देणं आणि मराठीतलं सगळं साहित्य खात्याच्या मालकीचं करणं, या दोन अटी नसतील तर दरवर्षी त्याच धड्यासाठी पुन्हा निविदा काढावी लागेल.

राहिली मर्जीची भीती. ती खोटी नाही. गुण देण्याची पद्धत सैल असेल तर हवा तो माणूस आत घेता येतो. पण एका संस्थेच्या मापाची अनुभवाची अट घालून एल-वनमध्येही तेच करता येतं. म्हणून कोणत्या गोष्टीला किती गुण हे निविदेतच छापा, बोलीपूर्व बैठकीतले प्रश्न आणि उत्तरं संकेतस्थळावर टाका, प्रत्येक बोलीदाराला मिळालेले गुण कारणांसह जाहीर करा. आणि वर्गात प्रत्यक्ष शिकवणार कोण, त्यांची नावं करारात घाला. बोलीत निवृत्त अधिकाऱ्याचं नाव दाखवून वर्गावर नवखा मुलगा पाठवला, तर दंड लावा.