शिक्का देतो, पण आधी काम करा

शिवाजी विद्यापीठाचा विषय निघाला की आमच्या सांगलीत दोनच गोष्टींवर चर्चा होते. निकाल कधी लागणार आणि पेपर तपासणीत किती घोळ झाला. तिथं शिकवतात काय, संशोधन काय होतं आणि त्यातलं आपल्या गावापर्यंत किती पोहोचतं, हे कट्ट्यावर कुणी विचारत नाही. 18 नोव्हेंबर 1962 ला विद्यापीठ निघालं ते याच भागातल्या पोरांना पुण्या-मुंबईला जावं लागू नये म्हणून. मीही तिथलाच पदवीधर, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितोय.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आले, समाजात जाऊन करायच्या कामाला क्रेडिट आले. कल्पना झकास आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आमच्या बेदाणा शेडवर येऊन बघा. सबमिशनच्या आदल्या दिवशी मोटारसायकलवर दोघं येतात. हातात छापील प्रश्नावली, तीही इंग्रजीत. आपण व्यवसायात समाधानी आहात का: पूर्णपणे, काही अंशी, अजिबात नाही. यंदा आलेल्या एका पठ्ठ्यानं मला विचारायच्या आधीच मधल्या चौकटीत टिक मारून ठेवलेली. "काका, फक्त सही-शिक्का द्या, उद्या लास्ट डेट हाय."

म्हटलं, कुठला विषय? म्हणाला, केमिस्ट्री. मग विचारलं, बेदाणा हिरवा कशानं राहतो? गप्प. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात द्राक्षं बुडवून काढली की मण्यावरचा मेणाचा थर सुटतो, आतलं पाणी लवकर निघतं, आणि सावलीत जाळीच्या रॅकवर बारा-पंधरा दिवसांत माल वाळतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. हे सगळं त्याच्या पुस्तकातलंच रसायनशास्त्र, पण ते शेडवर भेटू शकतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पोराचा दोष नाही. त्याच्या सरांकडे किती पोरं आणि सरांना त्यासाठी किती वेळ मिळतो, हेही बघायला पाहिजे. अर्ध्या जागा तासिका तत्त्वावर भरलेल्या कॉलेजात कोण कुणाला शेडवर घेऊन जाणार?

वेळापत्रकाचं तर विचारूच नका. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. नेमकी तेव्हा पोरं इंटर्नल, प्रॅक्टिकल आणि परीक्षेत. कृष्णेला पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ॲडमिशनची धांदल. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, अर्धी सांगली पाण्यात. कुठल्या गल्लीत पाणी कधी शिरलं, आधी कुठल्या गटारीतून वर आलं, याची नोंद प्रत्येक वॉर्डातल्या पाच-दहा पोरांनी ठेवली असती तर आज महापालिकेच्या हातात केवढा ऐवज असता! सेमिस्टर जिल्ह्याच्या ऋतूंकडे पाठ करून बसलंय, हे माझं पहिलं भांडण.

दुसरं भांडण प्रबंधांशी. द्राक्षावर, उसावर, दुष्काळावर, पुरावर पीएच.डी. झाल्यात. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर पडलेल्याही आहेत, कुणीही उघडून बघाव्यात. ज्या शेतकऱ्याची मुलाखत घेऊन त्या लिहिल्या, त्याच्या दारात त्या प्रबंधाचं दोन पानी मराठी पत्रकही परत गेलेलं नाही. माहिती घेऊन गेले ते गेलेच.

विद्यापीठात चांगलं काम होत नाही असं नाही. कासच्या पठारावरची गर्दी आपल्याला दिसते. पण साताऱ्याचं नाव मिरवणारा वायतुरा, ही पाणवनस्पती, 1982 मध्ये शास्त्राच्या दप्तरात नोंदवणाऱ्यांत शिवाजी विद्यापीठाचे प्रा. एस. आर. यादव होते, हे किती सातारकरांना माहीत आहे? कंदीलपुष्पांसाठी त्यांनी डोंगर पालथे घातले. असं काम डोंगरात फिरूनच होतं. आता तर साताऱ्यात रयतच्या कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय. "कमवा आणि शिका" ज्या मातीत रुजलं तिथलं विद्यापीठ लहान आहे, नवं आहे. त्यानं मोठ्यांची नक्कल करण्यापेक्षा असं बाहेर फिरून करायचं काम आधी करावं.

आणि ज्ञान फक्त विद्यापीठातच तयार होतं हाही भ्रम. थॉम्पसन जातीच्या द्राक्षबागेतून निवडून काढलेला तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांचा. ते शेतकरी. येरळेवरचं बळीराजा धरण ऐंशीच्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली थोडी वाळू विकून उभं केलं. आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आले, आणि पाण्यात वाटा भूमिहीनांनाही ठरला. तिथं प्रश्न लोकांचा होता, अभियंता त्यांच्या मागून आला. मला "समाजाशी सहकार्य" म्हणजे हे वाटतं. सामंजस्य करार, फोटो, शाल-श्रीफळ यांनी फायलीच जाड होतात.

इथं आम्ही शेडवालेही धुतल्या तांदळाचे नाही. विद्यापीठ आमच्या कामाला यावं म्हणतो, पण एखादी पोरगी निवडणीला बसलेल्या बायकांना विचारायला आली की किती तास बसता, गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरतात का, दिवसाची मजुरी किती मिळते, तर आमच्यातले निम्मे तिला गेटवरूनच परत पाठवतील. समाज म्हणजे फक्त मालक नव्हे. त्या बायकांच्या प्रश्नावर प्रोजेक्ट झाला आणि तो आमच्या विरोधात गेला, तरी तो व्हायलाच पाहिजे.

तर प्राध्यापक मंडळी, येत्या हंगामात आमचं शेड उघडं आहे. एकच प्रश्न घ्या: ढगाळ हवेत माल वाळायला किती दिवस जास्त लागतात आणि काळा किती पडतो. थर्मामीटर आणि आर्द्रता मोजायचं यंत्र मी घेतो, वही पोरांनी लिहायची. यंदाची वही पुढच्या बॅचच्या हातात द्यायची, दरवर्षी नव्यानं श्रीगणेशा नको. शेवटी दोन पानं मराठीत लिहून इथंच शेडवर वाचून दाखवायची, निवडणीच्या बायका आणि आम्ही सगळे समोर बसू. जे प्रश्न विचारले जातील तीच तोंडी परीक्षा धरा. मग शिक्का मागायचीही गरज नाही, मी स्वतः कॉलेजात आणून देतो. ज्यांना यायचंय त्यांनी जानेवारीच्या आत इनबॉक्समध्ये कळवा.