सॉकेट बसलं म्हणजे ईसीएम जुळलं असं नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवेड्या पोरांत आणि काही गॅरेजांतही एक मेसेज फिरतोय. त्यातलं सांगणं असं: दुसऱ्या गाडीचं इंजिन घालताना ईसीएमचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, टेन्शन घेऊ नका. इंजिन त्याच जातीचं असेल आणि सॉकेट बसलं तर कुठलंही ईसीएम चालतं, इम्मोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं युनिट) बायपास करायचा, उरलेलं रिमॅपमध्ये, म्हणजे ईसीएममधले आकडे बदलून, निघतं. यातलं प्रत्येक वाक्य माणसाला खड्ड्यात घालणारं आहे.

‘इंजिन एकच’ हे आधी तपासू. आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेलं १.३ मल्टिजेट डिझेल घ्या. मूळ फियाटचं, १२४८ सीसी. स्विफ्टमध्येही तेच, व्हिस्टातही आणि पुंटोतही. पण स्विफ्टचं ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). एसएक्स४ आणि मांझातलं ९० पीएसचं, त्याला व्हीजीटी टर्बो, म्हणजे टर्बोतली पाती ईसीएमच्या हुकमावर हलतात. ९० वाल्या इंजिनाला ७५ चं ईसीएम लावलं तर पाती हलवणार कोण? गाडी सुरू होते, आयडलिंगही बरं वाटतं, बेळगावच्या उद्यमबागेत सपाट रस्त्यावर एक फेरी मारून मेस्त्री चावी हातात देतो. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढताना मात्र टर्बोचा दाब हवा तसा मिळत नाही, धूर येतो, चेक लाइट लागते, आणि ईसीएम स्वतःच ताकद कापतं. पावसात, वळणावर, मागे ट्रक असताना गाडी अशी मरगळली तर जीवावरचं काम आहे. म्हणून फक्त ब्लॉक बघू नका. टर्बो कुठला, डिझेल फवारणारे नोझल कुठले, सेन्सर कुठले, ते बघा. ईसीएम त्यांच्याशी जुळायला हवं.

नोझलचं वेगळं सांगतो, कारण हे सर्रास विसरलं जातं. बऱ्याच कॉमन रेल इंजिनांत (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) प्रत्येक नोझलवर एक कोड असतो. तो नोझल डिझेल किती कमी-जास्त सोडतो, हे त्या कोडवरून ईसीएमला कळतं. ईसीएम बदलल्यावर कोड स्कॅनरने भरला नाही, तर ठोका येतो, आयडलिंग हलतं, आणि दोष इंजिनाच्या डिझेल पंपावर ढकलला जातो.

आता सॉकेट. एकाच कंपनीचं कपलर, म्हणजे वायरींचं सॉकेट, कित्येक गाड्यांत वापरतात. पिनांची संख्या सारखी, कामं वेगळी. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या लाइनवर बॅटरीचे १२ व्होल्ट गेले, की सेन्सर नाहीतर ईसीएम जळतं. दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम शेजारी ठेवून पिन-पिन ताडल्याशिवाय चावी फिरवू नका. इंजिन कुठवर फिरलंय हे ईसीएमला ज्यावरून कळतं, त्या क्रँकच्या दातेरी चाकाचंही तसंच. कुठे ६० दातांतले दोन गाळलेले, कुठे रचना निराळी. ईसीएमला ती ओळखता आली नाही तर इंजिन सुरूच होणार नाही.

इम्मोबिलायझर बायपास करा म्हणणाऱ्याने चोरापासूनचं कुलूपच काढलं. सोपा मार्ग आहे की: ईसीएम घेताना त्याच गाडीची चावी आणि इम्मोबिलायझरचं युनिट घ्या, म्हणजे जोडी तुटत नाही. कोल्हापूर, हुबळी, गोवा अशा तिन्ही बाजूंनी इकडे जुनी इंजिनं येतात; पावती आणि मूळ गाडीचे कागद मागायला लाजू नका. गाडीत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसीवरचा इंजिन नंबर आणि बॉनेटखालचा नंबर वेगळा निघाला, तर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण मालकालाच.

रिमॅपने आकडे बदलतात: डिझेल किती, कधी, दाब किती. जो सेन्सर इंजिनावर नाही तो रिमॅपने उगवत नाही, आणि व्हीजीटी चालवणारं सर्किट ईसीएममध्ये नसेल तर तेही येत नाही.

पेट्रोल इंजिन असेल आणि जुळणारं ईसीएम कुठेच मिळत नसेल, तर प्रोग्रॅमेबल स्टँडअलोन ईसीएम, म्हणजे सगळे आकडे आपणच भरायचे असं सुटं ईसीएम, घेता येतं. पण तेव्हा मॅप करणारा जाणकार आधी शोधा, पैसे नंतर मोजा. कॉमन रेल डिझेलला हा मार्ग फार अवघड आणि खर्चिक. तिथे इंजिन, ईसीएम, हार्नेस (वायरिंगचा जुडगा), ॲक्सिलरेटर पेडल, चावी सगळं एकाच गाडीचं घ्या, आणि ती गाडी उघडण्याआधीच ईसीएमवरच्या स्टिकरचा, त्यावरच्या पार्ट नंबरचा आणि नोझलच्या कोडचा फोटो काढून ठेवा.