पार्कसाठी सगळ्यात मऊ आणि आखूड बोर्ड घ्यायचा?

कॅलिफोर्नियात टाहोच्या डोंगरांत बर्फ पडू लागला की सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळींत एक सल्ला हमखास फिरतो: ‘टेरेन पार्कमध्ये उतरायचंय ना? मग सगळ्यात मऊ स्नोबोर्ड घ्या, उभा धरला की हनुवटीला लागेल एवढाच, आणि कडा बोथट करून टाका.’ टेरेन पार्क म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी राखलेला उतार. तिथल्या रेल आणि बॉक्सपुरतं (ज्यांवरून घसरत जायचं ते दांडे आणि पेट्या) हे बऱ्यापैकी खरं आहे. पण त्याच भरवशावर लोक जंपवर जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी हनुवटी. बोर्ड वाकतो तो तुमच्या वजनाने. उंचीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. सारख्याच उंचीची दोन माणसं घ्या, एक ५५ किलोचं, दुसरं ८५ किलोचं. पहिल्याला जो बोर्ड ताठ वाटेल, तोच दुसऱ्याच्या पायाखाली लवलवेल. म्हणून तर कंपन्या प्रत्येक लांबीसमोर वजनाचा पल्ला छापतात. तो तक्ता पाहून नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड घ्या, हवेत फिरवायला सोपा जातो. फारच आखूड घेतलात तर उतरताना तोल सावरायला पुरेशी लांबी उरत नाही.

आता मऊपणा. ऑली (बोर्डच्या उसळीवर मारलेली उडी) मारताना आपण मागच्या टोकावर भार देऊन बोर्ड वाकवतो आणि तो सरळ होताना आपल्याला वर फेकतो. अति मऊ बोर्ड वाकतो झटकन, पण परत काही देत नाही. उतरताना वजन जरा मागे गेलं की टोक दुमडतं आणि माणूस पाठीवर! रेल, जंप दोन्ही करणाऱ्याने १० पैकी ४ ते ६ फ्लेक्सचा (आकडा मोठा तितका बोर्ड ताठ) बोर्ड पाहावा, पायांखाली कॅम्बर, म्हणजे वर उचललेली कमान, असलेला. सुपरपाइपच्या, म्हणजे बर्फात कोरलेल्या अर्ध्या नळीच्या, २२ फुटी टणक भिंतींवर तर त्याहून ताठ बोर्ड आणि धारदार कडाच लागतात.

बोर्डच्या पोलादी कडा सरसकट घासू नका. दोन्ही टोकांकडे, जिथे कड बर्फाला पहिल्यांदा टेकते, तेवढीच धार उतरवली तरी अडकणं बरंच कमी होतं. घासलेलं पोलाद परत येत नाही.

या सल्ल्यात ट्विन बोर्डचा उल्लेखच नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. ट्विनची दोन्ही टोकं सारखी, बाइंडिंग (बूट अडकवायच्या पकडी) मधोमध, म्हणजे उलट्या पायाने उतरलात तरी बोर्ड तसाच वागतो. आणि बूट मोठा असेल तर रुंद बोर्ड मागा, नाहीतर वळताना बुटाची बोटांकडची बाजू बर्फात रुतते.