उजवं नेमकं कोणाचं?

इंग्लंडमधल्या स्क्रोप घराण्याच्या ढालीवरच्या कुलचिन्हाबद्दल मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही हरकत घेतलीत. उशिरा उत्तर देतोय, राग नसावा. "ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने कुलचिन्हांवर लिहू नये" हे तुमचं वाक्य घरी वाचून दाखवलं. माझ्या शेजारच्या सीटवर बसून प्रवास केलेल्यांनी ते एकमताने उचलून धरलं.

इथे मात्र माझी चूक नाही. स्क्रोप घराण्याच्या ढालीचं शास्त्रोक्त वर्णन 'ॲझ्यूर, अ बेंड ऑर' एवढंच आहे: निळी ढाल, तिच्यावर सोनेरी तिरका पट्टा. हा पट्टा वरच्या उजव्या कोपऱ्यातून उतरतो असं मी लिहिलं. चित्रात तुम्हाला तो डावीकडून उतरताना दिसला. दोन्ही बरोबर. कुलचिन्हांच्या भाषेत डावं-उजवं ढाल धरणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नव्हे. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा, पण समोर उभं राहिलं की सोंड आपल्या डावीकडेच वळलेली दिसते ना? तसंच. उलट्या बाजूने पट्टा उतरला तर तो 'बेंड सिनिस्टर', म्हणजे चिन्हच वेगळं.

पुढे तुम्ही म्हणता, "शब्दांचं जंजाळ कशाला, खऱ्या ढालीचा फोटो टाका." अहो, खरी ढाल म्हणजे हे वर्णनाचे शब्दच! त्यावरून दहा जणांनी दहा ढाली रंगवल्या, कोणाचा निळा फिका, कोणाचा पट्टा रुंद, तरी दहाही खऱ्या. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्कॉटलंड मोहिमेत सर रॉबर्ट ग्रोव्हनर हेच चिन्ह मिरवताना दिसले आणि सर रिचर्ड स्क्रोप यांच्याशी त्यांचा खटला जुंपला. साक्षीदारांत चक्क कवी चॉसर! लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर ही ढाल टांगलेली पाहून त्याने विचारलं, स्क्रोप मंडळी इथे उतरलीत का? कोणीतरी सांगितलं, ही ग्रोव्हनरांची. त्याआधी ते नावही त्याच्या कानावर नव्हतं. पहिल्या निकालात ग्रोव्हनरना कडेने रुपेरी किनार लावून ढाल ठेवायची मुभा मिळाली. १३९० मध्ये राजाने तीही काढून घेतली. त्याचं म्हणणं, किनार भाऊबंदांना ठीक, परक्याला नाही. मग ग्रोव्हनरांनी निळ्यावर गव्हाची सोनेरी पेंढी घेतली.

एक चूक मान्य. लेखात 'गडद निळी' लिहिलं होतं. 'गडद' माझ्या पदरचं, ते काढलंय. चित्र मात्र राहू दे. मुलीने रंगवलंय. सोनेरी खडू संपला होता म्हणून पट्टा पिवळा झालाय, आणि नियमाने तोही सोनेरीच धरतात.