‘विड्रॉअल पाळतो, मग खतात औषध कुठून?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

कोंबडी खतातल्या औषधांच्या अंशांवरचा लेख तुम्हाला खटकला. तुम्ही रागाने लिहिलेत, पण मुद्द्याचे लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: पाच हजार ब्रॉयलरची शेड, कंपनीशी करार, विक्रीआधी औषध वेळेवर बंद, मग खतात औषध येणार कुठून? आले तरी ढीग तापतो, त्यात ते जळून जाते. असले लेख लिहून छोट्या पोल्ट्रीवाल्याच्या खताचा भाव पाडू नका. आणि शेवटी विचारलेत, की शेडमागे पडलेल्या खताचे आता करायचे काय.

विड्रॉअल, म्हणजे विक्रीआधी ठरलेले दिवस औषध बंद ठेवणे, पाळता हे उत्तमच. पण तो नियम मांस आणि अंड्यांसाठी आहे. लेबलवर काळ दिलेला नसेल तर आपला कायदा मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस सांगतो. त्या दिवसांत पक्ष्याच्या अंगातले औषध कमी होते. त्यातले काही यकृतात मोडते आणि उरलेले विष्ठेवाटे बाहेर पडते, म्हणजे तुमच्याच शेडमधल्या तुसाच्या गादीवर. विड्रॉअल जितका काटेकोर, तितके मांस स्वच्छ, आणि अंगातून गेलेले औषध तुसात. खतासाठी विड्रॉअल नावाचा प्रकारच नियमात नाही.

अंदाज यावा म्हणून तुमच्याच शेडचे गणित मांडू. एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. पक्षी सरासरी एक किलोचा असताना पाच दिवस पाण्यातून दिले, तर ५,००० पक्ष्यांना २५० ग्रॅम शुद्ध औषध गेले. त्यातले निम्मे जसेच्या तसे बाहेर पडले असे धरू. पक्ष्यामागे दीड किलो लिटर (म्हणजे विष्ठा मिसळलेली तुसाची गादी) धरले तर साडेसात टन लिटरमध्ये १२५ ग्रॅम, म्हणजे किलोला सुमारे १७ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात आकडा खाली-वर होईल, पण शून्य होणार नाही. शिवाय एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग पक्ष्याच्या अंगातच सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, आणि ते माणसांच्या दवाखान्यातले औषध आहे. अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी २००५ मध्ये काढून घेतली ती याच वर्गाच्या औषधांना जंतू दाद देईनासे झाले म्हणून.

या गणितात न आलेली एक वाट आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. औषध पाण्यातून देताना ड्रिंकर गळतो, भांडे कलते, औषध संपल्यावर पाइपलाइन धुतलेले पाणी शेडमध्येच सांडते. हे औषध पक्ष्याच्या पोटातून गेलेलेच नसते, पूर्ण ताकदीनिशी तुसात मुरते. ड्रिंकरखाली जी ओली ढेकळे धरतात त्यांत औषध सर्वांत जास्त सापडणार. म्हणून औषधाच्या दिवसांत ड्रिंकरची उंची रोज पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत आणा, गळके वायसर बदला, आणि ढेकळे निघाल्यावर वेगळी काढून फोडा. आख्खे ढेकूळ ढिगात गेले तर आतून कच्चेच राहते.

आता ‘ढीग तापतो, औषध जळते’. हे अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे ते औषधाच्या नावावर ठरते. टायलोसिन बरेचसे मोडते. क्लोरटेट्रासायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन नीट तापलेल्या ढिगात बरीच कमी होतात. रक्ती हगवण रोखायला खाद्यात घालतात ती मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन हीही उतरतात, वेळ घेतात. पण सल्फामेथाझिनसारखे सल्फा औषध पाच-पाच आठवडे कुजवूनही जवळपास तसेच राहिल्याचे टर्कीच्या लिटरवरच्या प्रयोगात दिसले आहे. एन्रो आणि सिप्रो चिवट आहेत: उघड्या उन्हात लवकर मोडतात, पण ढिगाच्या पोटात ऊन पोचत नाही, आणि चिकणमातीला एकदा चिकटले की महिनोन्महिने राहतात. चिकटलेले औषध बरेचसे निष्क्रिय असते, हेही खरे. रक्ती हगवणीवरच्या टोल्ट्राझुरिलचे मोडून जे सल्फोन बनते ते मूळ औषधापेक्षा टिकाऊ, आणि पाण्यासोबत सरकणारे. खाद्यातले तांबे आणि जस्त तर धातूच, ते कुजण्याने जात नाहीत. ढीग आटतो तसे किलोमागचे प्रमाण उलट वाढते.

आणि तापतो म्हणजे किती? शेडमागे टाकलेला बहुतेक ढीग दोन दिवस वाफाळतो आणि थंड होतो. आत राखाडी-पांढरी बुरशी दिसली की ‘खत तयार झाले’ म्हणतात. ती बुरशी बहुधा ढीग कोरडा पडल्याची खूण असते. लिटरमध्ये ओलावा जेमतेम २५ टक्के असतो, कुजायला हवा ५० ते ६०. एक टन लिटर ५५ टक्क्यांवर आणायला सुमारे ६७० लिटर पाणी लागते. त्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी, म्हणून नुसते पाणी मारले तर अमोनियाने डोळे झोंबतात आणि पैशाचे नत्र हवेत जाते. टनामागे ५०० ते ६०० किलो कापलेले पाचट मिसळले की कर्ब-नत्र गुणोत्तर वीसच्या आसपास येते. पाचटालाही पाणी लागतेच, मग पाण्याचा आकडा टनाला बाराशे लिटरवर जातो. तुमच्या साडेसात टनांना नऊ हजार लिटर. ते एकदम ओतू नका, थराथराने शिंपडा. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, धार लागू नये.

ढिगाची उंची चार-पाच फूट, रुंदी सात-आठ फूट, लांबी जागेप्रमाणे. दोन-तीन फूट दांड्याचा थर्मामीटर पोटात खुपसा. तापमान ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस, आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग परतायचा, असे की बाहेरचा थर आत जाईल. कडेचा फूटभर थर कधीच तापत नाही, म्हणून न परतलेल्या ढिगात निम्मा माल कच्चा राहतो. पोत्यात भरून थप्पी लावली तर हवाच मिळत नाही. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी आहे, लगेच परता. अमोनियाचा वास आला तर पाचट वाढवा. नंतर दीड-दोन महिने झाकून मुरवायचे.

एवढे केल्यावरही औषधाला दाद न देणारे जंतू आणि त्यांची जनुके पूर्ण जात नाहीत, कमी होतात. माझी खरी काळजी तीच आहे, भाजीत उतरणाऱ्या औषधाची नाही. अमेरिकेतल्या प्रयोगात कांदा, कोबी आणि मक्याने खतातले क्लोरटेट्रासायक्लिन शोषले, पण अगदी थोडे. कोलिस्टिन माणसाच्या शेवटच्या फळीतले औषध, म्हणून भारताने २०१९ मध्ये जनावरे-कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली. खताची ट्रॉली शेताशेतांत जंतू पोचवत राहिली तर अशा बंदीचा उपयोग निम्मा होतो.

भावाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. खाद्य आणि औषधे कंपनीची, त्यात काय मिसळलेय ते अनेकदा तुम्हाला सांगतही नाहीत, आणि बोल मात्र तुम्हाला. प्रयोगशाळेच्या तपासण्यांचा खर्च तुमच्यावर टाकावा असे मी म्हणणार नाही. सुपरवायझरकडून बॅचच्या कार्डावर एवढे लिहून घ्या: औषधाचे मूळ नाव (ब्रँड नको), पाण्यातून की खाद्यातून, सुरू आणि बंद केल्याची तारीख, खाद्यात कोणते कॉक्सिडिओस्टॅट (मोनेन्सिनसारखे रक्ती हगवण रोखणारे औषध), त्याच गादीवर कितवी बॅच. ट्रॉलीसोबत त्या कार्डाची प्रत द्या. कोणत्या पिकाला टाकायचे हे घेणाऱ्याला मग ठरवता येईल, आणि औषध न दिलेल्या बॅचला जास्त भाव मागायला तुमच्याकडे कागद असेल.

राहिले शेडमागचे खत. आधी कार्ड बघा. फक्त टायलोसिन किंवा टेट्रासायक्लिन असेल तर वरच्या पद्धतीने कुजवा आणि कुठेही वापरा. एन्रो, सल्फा किंवा टोल्ट्राझुरिल असेल तरी कुजवाच, पण ते खत कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर यांना देऊ नका. उसाच्या सरीत किंवा फळबागेच्या चरात टाकून मातीने झाका. विहिरीच्या आणि ओढ्याच्या बाजूचे वावर सोडा. कुजवायला वेळच नसेल, तर अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा कच्च्या खताचा नियम पाळा: खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर काढणीआधी १२० दिवस, लागत नसेल तर ९० दिवस. हा नियम रोगजंतूंसाठी आहे, चिवट औषधांना तो पुरत नाही. मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनचे खाद्य असेल तर घोडा, खेचर ढिगाकडे फिरकू देऊ नका, थोड्या मोनेन्सिननेही घोडा दगावतो. आणि पहिल्या पावसाआधी ढीग उंचवट्यावर घेऊन वर ताडपत्री, भोवती वीतभर चर काढा. चरात साचलेले पाणी शेणखड्ड्यात किंवा परत ढिगावरच टाका.